जुनी स्क्रोल सॉ: विकत घेण्यापासून मखराच्या जाळीपर्यंत

मिशिगनमध्ये शनिवारी सकाळी इस्टेट सेलला जायची सवय मला सुतारकामामुळे लागली. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा मुलांकडे राहायला गेलं, की सगळं सामान किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायला काढतात. बहुतेक लोक वर काचसामान आणि फर्निचर बघत असतात. मी थेट तळघर गाठतो. अशाच एका तळघरात, घर गरम करणाऱ्या भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात, डेल्टा कंपनीची २४ इंची स्क्रोल सॉ उभी होती. टेबलावर गंजाचा तपकिरी थर, पट्टा वाळून चिरलेला, वरच्या पकडीत मोडक्या पात्याचा तुकडा तसाच अडकलेला. पुली हाताने फिरवून बघितली. जड होती, पण फिरली. १२५ डॉलर देऊन घेतली.

आता आमच्या गणपतीच्या मखराची जाळी तिच्यावर कापली जाते. मधल्या काळात काय काय केलं, कशात वेळ फुकट गेला आणि कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहितो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण जुनं यंत्र घरी आणणारे बहुतेक जण नेमकी हीच चूक करतात: रंगाला शेवटपर्यंत हात लावू नका. आधी यंत्राने लाकूड नीट कापलं पाहिजे.

यंत्राची जात ओळखा

स्क्रोल सॉ म्हणजे टेबलाच्या भोकातून वर-खाली होणारं बारीक पातं आणि त्यावर मागून झुकलेला हात. भारतात बरेच कारागीर तिला नुसतं 'जिगसॉ मशीन' म्हणतात. हातात धरून चालवायची जिगसॉ निराळी. २४ इंची म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर २४ इंच. तेवढ्या मापाची फळी तुम्ही पात्याभोवती फिरवू शकता.

जुन्या यंत्रांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला माझ्या यंत्रासारखा, ताठ हाताचा. यात वरचा हात हलत नाही. खालच्या पेटीतला क्रँक, म्हणजे मोटरचं फिरणं वर-खाली हालचालीत बदलणारा भाग, पातं खाली ओढतो आणि वरची स्प्रिंग ते परत वर खेचते. दुसऱ्या प्रकारात वरचा आणि खालचा असे दोन्ही हात एकत्र हलतात आणि पातं सतत सारखं ताणलेलं राहतं. जर्मनीच्या हेग्नेर कंपनीच्या यंत्रांनी १९७० च्या दशकापासून हा समांतर हातांचा प्रकार हौशी कारागिरांपर्यंत पोचवला. अमेरिकेत जुन्या बाजारात आरबीआय हॉक, एक्सकॅलिबर आणि डीवॉल्ट ७८८ ही या कुळातली नावं सारखी भेटतात.

फरक नुसता जुन्या-नव्याचा नाही. ताठ हाताच्या यंत्रात पातं खाली जाताना स्प्रिंग जास्त ताणली जाते आणि वर येताना सैल पडते, म्हणजे प्रत्येक फेरीत ताण बदलतो. स्प्रिंग थकलेली असेल तर जास्त वेगात तिला पातं धरणारा वरचा दांडा पुरेशा चपळाईने उचलता येत नाही. पातं क्षणभर वाकतं आणि मोडतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बारीक पात्याने शेकडो भोकांची नाजूक जाळी हेच तुमचं मुख्य काम असेल, तर वीसेक वर्षं जुनी डीवॉल्ट ७८८ किंवा एक्सकॅलिबर घ्या. तिचा वरचा हात उचलता येतो, पातं एका भोकातून दुसऱ्या भोकात ओवणं सोपं जातं. जाड लाकूड, मोठे तुकडे, खेळणी, अक्षरं, कंस असं मिश्र काम असेल, तर जुनं बिडाचं यंत्र पुढच्या पिढीलाही पुरेल. दोन्हीपैकी काहीच न कळता स्वस्तात मिळालं म्हणून पत्र्याचं हलकं १६ इंची यंत्र घेऊ नका. ते टेबलासकट थरथरतं आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच हात कच्चा आहे.

डेल्टाचं वय बिल्ल्यावरून कळतं. ही कंपनी १९१९ मध्ये मिलवॉकीत सुरू झाली. नुसतं 'डेल्टा' आणि 'मिलवॉकी' असेल तर यंत्र बहुधा १९४५ च्या आधीचं. १९४५ मध्ये रॉकवेलने कंपनी घेतली, तेव्हापासून बिल्ल्यावर रॉकवेल आलं. १९८४ मध्ये पेंटेअरने ती घेतल्यावर पुन्हा डेल्टा हे नाव पुढे आलं. वय कळलं की योग्य माहितीपुस्तिका सापडते. व्हिंटेज मशिनरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर अशा जुन्या यंत्रांच्या पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. सुट्या भागांचा आराखडा छापून हाताशी ठेवल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका.

पैसे देण्याआधी

गंज बघून घाबरू नका आणि चकाकी बघून भुलू नका. बिडाच्या टेबलावरचा वरवरचा गंज एका दुपारचं काम आहे. न मिळणारे भाग मात्र आठवडेच्या आठवडे खातात. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही पकडी बघा: जबडे आहेत का, स्क्रूची आटी शाबूत आहे का, कोणी पक्कडीने पिळून डोकी गोल केली आहेत का. मग लाकूड दाबून धरणारा पाय आणि पात्याच्या मागचा आधार आहे का ते बघा. हे भाग सोडवून ठेवतात आणि हरवतात. ते स्वतंत्र विकत घ्यायला गेलात तर कधी कधी यंत्राच्या निम्मी किंमत पडते.

यानंतर हात लावून तपासायचं. वीज लावायच्या आधी पुली हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. जड असली तरी चालेल, सारखी जड हवी. एकाच ठिकाणी अडकत असेल किंवा खटका बसत असेल तर आत काहीतरी तुटलंय. खालची पकड बोटांत धरून पुढे-मागे आणि डावी-उजवी हलवा. केसभर हलली तर हरकत नाही. डोळ्याला स्पष्ट दिसेल इतकी हलली तर बुश, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या, झिजले आहेत. मग एका हाताने पुली घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पकड वर-खाली ओढा. इथे टकटक जाणवली तर क्रँकचा सांधा सैल झालाय. ही झीज दुरुस्त होते, पण त्यासाठी लेथ लागते. लेथवाला ओळखीचा नसेल तर सोडून द्या.

टेबल तिरकं करायचा स्क्रू फिरतो का, बिडात कुठे तडा किंवा वेल्डिंगची रेघ आहे का, हेही बघा. तडा खांबाच्या मुळाशी असेल तर फुकट दिलं तरी नको. समांतर हातांचं यंत्र असेल तर ते चालू करून सगळ्यात कमी वेगापासून सगळ्यात जास्त वेगापर्यंत न्या. ठोक्यांचा आवाज येत असेल तर हाताच्या सांध्यांतली बेअरिंगं कोरडी पडलीत किंवा गेलीत. मधेच वेग गडबडत असेल तर वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) संशयास्पद. त्या हिशेबाने किंमत खाली आणा.

भारतात शोधत असाल तर

पुण्या-मुंबईत डेल्टा क्वचित दिसेल, पण ताठ हाताची जड देशी जिगसॉ मशीनं आहेत. ती शोधायची जागा म्हणजे खोक्यांचे डाय बनवणारे. पुठ्ठ्याची खोकी कापायच्या डायसाठी जाड प्लायवूडमध्ये पोलादी पट्ट्या बसवतात, आणि त्या पट्ट्यांच्या फटी अशाच यंत्रावर कापायच्या असत. हे काम लेझरकडे जाऊ लागल्यापासून पुष्कळ डायवाल्यांच्या गाळ्यात यंत्र कोपऱ्यात पडून आहे. त्यांना विचारा. ही यंत्रं रोज आठ-दहा तास चाललेली असतात, तेव्हा बुशांची झीज जास्त बारकाईने बघा.

अमेरिकेतून यंत्र घेऊन येणाऱ्यांसाठी एक हिशेब. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जुन्या डेल्टाला वेगळी मोटर पट्ट्याने जोडलेली असते. ती इथेच सोडा आणि तिकडे मिनिटाला १४४० फेऱ्यांची एक तृतीयांश अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर घ्या. माझ्या यंत्राच्या चार पायऱ्यांच्या पुलीवर १७२५ फेऱ्यांच्या मोटरने ६१०, ९१०, १२५५ आणि १७२५ असे वेग मिळतात. १४४० च्या मोटरने ते साधारण ५१०, ७६०, १०५० आणि १४४० होतील. लाकडाला ते पुरेसे आहेत. पट्टा शोधायची अडचण नाही, तिथला ए सेक्शनचा अर्धा इंची व्ही बेल्ट बसतो.

खोलणं, धुणं, तेल

प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर नाव. जाम झालेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा आणि दुसऱ्या दिवशी आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. बिडातला बोल्ट तुटला तर तो काढण्यात अख्खा रविवार जातो.

टेबलासाठी रॉकेल आणि घासायची तारेची घासणी. मोठा थर धारदार पत्तीने खरवडायचा, मग बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासायचं, पुसून कोरडं करायचं आणि मेणाचा हात द्यायचा. तेल लावू नका, लाकडाला डाग पडतात. छोटे लोखंडी भाग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा, लिटरला पन्नासेक ग्रॅम. काही तासांनी काढून ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसा आणि तेलाचं बोट फिरवा. ओले ठेवलेत तर तासाभरात पुन्हा लाल होतील. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतकामाचे भाग या पाण्यात मुळीच घालू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून रंग कोरडा घासू नका. लहान मुलं असतील त्या घरात तर नाहीच.

खालची पेटी हा या यंत्राचा जीव. क्रँक तिथे तेलात बुडून फिरतो. मी तेल काढलं तेव्हा डांबरासारखा काळा गाळ आला. त्यात चमचमणारे कण आहेत का हे पांढऱ्या कापडावर ओतून बघा. पिवळे कण म्हणजे पितळी बुश झिजतोय, दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. माझ्यात दोन्ही नव्हतं. रॉकेल भरून, पुली हाताने फिरवून, परत काढून, असं तीनदा केलं तेव्हा स्वच्छ आलं. मग झाकणाचं गॅस्केट जाड कागदाचं नवीन कापलं आणि पुस्तिकेत सांगितलेलं तेल खुणेपर्यंत भरलं. खुणेच्या वर भरलंत तर ते वरच्या सीलमधून उडून लाकडावर येतं. वरच्या दांड्याला मात्र तेलाची पेटी नसते. तिथे कामाला बसण्यापूर्वी दोन थेंब घालायची सवय लावून घ्या.

भुसा उडवायचा पंप चालेल अशी आशा ठेवू नका. त्यातलं रबर हमखास फाटलेलं असतं. मी माशांच्या टाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप जोडला आणि त्याची नळी पात्याजवळ आणली. रेघ दिसत राहण्यापुरती हवा त्याने मिळते.

मोटरच्या वायरीवर कापडी आवरण असेल तर ती वायर बदला, दिसायला चांगली असली तरी. वाकवली की आतला थर चुऱ्यासारखा गळतो. तीन तारांची नवी वायर घालून अर्थिंगची तार मोटरच्या आणि यंत्राच्या बिडाला जोडा. मल्टिमीटरने बिड आणि वाइंडिंग यांच्यात जोड नाही ना हे तपासल्याशिवाय प्लग लावू नका. येत नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पट्टाही बदला: वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या पट्ट्याला वाक पडतो, तो प्रत्येक फेरीला धक्का देतो आणि आपण उगाच बेअरिंगं शोधत बसतो.

पकडी

सगळं करून झालं आणि यंत्र चालू केलं, तेव्हा दर पाच मिनिटांनी पातं निसटत होतं. स्क्रू आणखी आवळले, तर स्क्रूचीच टोकं चेपली. दोष पकडीच्या तोंडावर होता. वर्षानुवर्षांच्या वापराने जबडे आरशासारखे गुळगुळीत झाले होते आणि त्यावर तेलाचा पापुद्रा होता. जबडे काढून काचेवर ठेवलेल्या २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासले आणि स्पिरिटने पुसले. चेपलेले स्क्रू बदलले. नव्या पात्यांनाही कारखान्यातलं तेल असतं, तेव्हा पात्याची दोन्ही टोकं पेपरने एकदा चिमटीत ओढून घ्या. त्यानंतर पातं निसटलेलं नाही.

मग वरची पकड बरोबर खालच्या पकडीवर येते का ते बघा. टेबलावर गुण्या पात्याला चिकटवून उभा करा आणि पुली हाताने सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत पातं गुण्याला समांतर राहिलं पाहिजे. वर-खाली होताना ते बाजूला सरकत असेल तर वरचं डोकं सैल करून जागेवर आणा.

टेबलाचा काटकोन तपासायला गुण्या पुरत नाही, कारण पातं फारच छोटं असतं. दोन इंच जाड लाकडाच्या ठोकळ्यात पाव इंच खाच मारा. यंत्र थांबवा, ठोकळा पूर्ण वळवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूने पात्यात सरकवा. सहज बसली तर टेबल काटकोनात आहे. घासली किंवा बसलीच नाही तर टेबल थोडं तिरकं करून पुन्हा नवी खाच मारा. मला चौथ्या प्रयत्नात जमलं. मग टेबलाचा कोन दाखवणारा काटा शून्यावर आणून पक्का केला.

पाती आणि ताण

साधी पाती पाच इंच लांब असतात, दोन्ही टोकांना काही नसलेली. टोकाला आडवी पिन असलेलीही मिळतात. पिनच्या पात्याला मोठं भोक पाडावं लागतं, त्यामुळे बारीक जाळीला त्यांचा उपयोग नाही. नंबर वाढेल तसं पातं रुंद. सहा मिलिमीटर प्लायला मी ३ नंबर वापरतो, पाऊण इंच लाकडाला ५, दीड इंच शिसवीला ९. पातळ व्हिनियरला २/०, म्हणजे १ नंबरहूनही बारीक पातं, पुरे. हे २/०, ३/० आकडे सोनारांच्या करवतीच्या पात्यांनाही असतात आणि ती पातीही पाच इंचाचीच असतात. मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकतात तिथे ती सहज मिळतील. पितळेचा पत्रा कापायला उत्तम, लाकडात मात्र फार सावकाश चालतात.

दाते खाली तोंड करून. उलटे लावलेत तर लाकूड टेबलावरून उसळतं. खालचे काही दाते उलट दिशेचे असलेली पाती घेतलीत तर प्लायची मागची बाजू फाटत नाही.

ताणासाठी पुली फिरवून पातं सगळ्यात वर आणा, कारण तिथे स्प्रिंग सगळ्यात सैल असते. तिथेही बोटाने बाजूला दाबल्यावर पातं तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. तार छेडल्यासारखा स्वच्छ आवाज यायला हवा. ३ नंबरच्या खालची पाती मी पहिल्या दोन वेगांतच चालवतो, वर गेलं की मोडतात. आणि पातं बोथट झालं की टाकून द्या. प्लायमधला गोंद आणि सागातली वाळूसारखी सिलिका ही दोन्ही धार लवकर खातात. सागात अर्धा तास चाललं तरी मी समाधानी असतो. बोथट पात्यावर आपण नकळत जोर लावतो, रेघ सुटते आणि कड जळते.

स्वस्त पात्यांना एका बाजूला बारीक कुसळ असते, त्यामुळे पातं त्या अंगाने ओढतं. एक सरळ रेघ कापून ओढ किती आहे ते बघा आणि लाकूड तेवढं तिरकं धरून पुढे सरकवा. सवयीने हाताला ते आपोआप कळू लागतं.

मखराची जाळी

माझं मखर घडीचं आहे: मागची एक कमान, दोन बाजूच्या जाळ्या, खाचांनी एकमेकांत बसणाऱ्या. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीत थर्माकोलची मखरंही आली, तेव्हा तिकडेही प्लायचं घडीचं मखर करून बघण्यासारखं आहे. वर्षभर पलंगाखाली राहतं.

बाजूच्या दोन जाळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा हव्यात. म्हणून सहा मिलिमीटरच्या दोन प्लाय दुतर्फी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवा आणि एकदमच कापा. एक उलटी केली की झालं. टेबलाचा काटकोन इतका जपायचा तो इथे: जरा जरी कललं तरी वरची आणि खालची कमळं वेगळ्या मापाची होतात.

प्लायवर रंगाऱ्याची निळी टेप, त्यावर नक्षीचा कागद चिकटवायचा, आणि कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप. पॅकिंग टेपमुळे पातं कमी तापतं आणि लाकूड जळत नाही. निळ्या टेपमुळे शेवटी सगळं एका ओढीत निघून येतं. प्रत्येक पोकळीत दोन मिलिमीटरचं भोक पाडा. खाली फालतू लाकूड ठेवून पाडा, आणि मागे उठलेली किनार घासून टाका, नाहीतर फळी टेबलावर डगमगते.

कापायला सुरुवात मधल्या बारीक पोकळ्यांपासून. बाहेरची कड शेवटी, म्हणजे फळीत ताकद राहते आणि धरायला जागा मिळते. पातं ओवायचं तर वरची पकड सोडायची, वरचा दांडा उचलायचा, भोकातून पातं वर काढायचं आणि पुन्हा ताण द्यायचा. माझ्या एका जाळीत ६४ पोकळ्या आहेत, म्हणजे ६४ वेळा. मी एका बैठकीत वीसच करतो.

लाकूड ढकलू नका, पात्याला देत राहा. नजर पात्यावर ठेवू नका, पात्याच्या किंचित पुढे रेघेवर ठेवा. पाकळीच्या टोकाशी आलात की पुढे सरकणं थांबवा, पात्याच्या पाठीवर हलका दाब ठेवून फळी जागच्या जागी फिरवा, मग पुढे निघा. फार टोकदार कोपरा असेल तर टोकापर्यंत कापून मागे या आणि दुसऱ्या अंगाने येऊन कोपऱ्यात मिळवा. दाबून धरणारा पाय नवख्याने काढू नये. पुष्कळ जण रेघ दिसत नाही म्हणून काढतात, आणि पातं अडकलं की फळी पात्याबरोबर वर उचलली जाते.

पातं बारीक असल्याने धोका कमी वाटतो, पण बोट कापायला ते पुरेसं आहे. चष्मा लावा, मोडलेलं पातं उडतं. बाही दुमडा, गळ्यातली साखळी आणि बांगड्या काढून ठेवा, केस बांधा. साग, शिसवी आणि एमडीएफच्या भुशाला मास्क हवाच. शिसवीने मला दोनदा खोकला धरला होता. पायाने दाबायचा स्विच बसवलात तर पाय उचलताच यंत्र थांबतं आणि दोन्ही हात फळीवर राहतात. या यंत्रावर केलेल्या खर्चातला मला सगळ्यात पटलेला खर्च हाच.

कापून झालं की कागद काढा, कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, बारीक पोकळ्यांत पेपर आइसक्रीमच्या काडीला चिकटवून घाला. मग शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात. सोनेरी रंग देणार असाल तर शेलॅक सुकल्यावर द्या, नाहीतर प्लाय तो पिऊन टाकते.

माझ्या यंत्राचा रंग अजून तसाच आहे, मूळचा करडा, ठिकठिकाणी उडालेला. खांबावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने पात्यांचे नंबर आणि लाकडांची नावं लिहून ठेवली आहेत. अक्रोडाला ७ आणि मेपलला ५ हे मी तिथूनच घेतलं. त्याखाली मी शिसवीला ९ असं लिहिलंय.